गव्हाणची वाट

गव्हाण हे काही प्रवासवर्णनात शोभण्यासारखे गाव नव्हे. किल्ला पाहायचा असेल तर माणसाने कर्नाळ्याला जावे, लेणी पाहायची असतील तर घारापुरीला जावे. गव्हाणला जातो तो एकतर पाहुणा असतो, नाहीतर जमिनीचा दलाल. मी पहिल्या जातीचा. माझ्या आईची मावशी गव्हाणला दिली होती आणि १९६२ ते १९६६ अशा ओळीने पाच दिवाळ्या आम्ही भावंडांनी तिच्याकडे काढल्या. त्यानंतर मी गव्हाणला गेलो तो थेट यंदा. मधल्या काळात वेळ मिळाला नाही असे मी नातेवाइकांना सांगत आलो. ते खरे नव्हते.

आमच्या लहानपणी गिरगावातून गव्हाणला जाणे म्हणजे एक मोहीमच असे. पहाटे भाऊच्या धक्क्यावर लाँच पकडायची, बोट लागून अर्धमेल्या झालेल्या भावंडांना मोऱ्याला उतरवून घ्यायचे, मग उरणहून पनवेलकडे निघालेली एस.टी. गाठायची आणि फाट्यावर उतरून ट्रंका डोक्यावर घेऊन चालू लागायचे. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली आले. वाटेच्या दोन्ही अंगांना कापणीला आलेले भात, त्यापलीकडे मिठागरांचे चौकोनी आरसे आणि त्यांच्याही पलीकडे खाडी. पाऊस संपून आगरांची बांधबंदिस्ती सुरू झालेली असे, आणि गुडघाभर चिखलात उभी असलेली माणसे आम्हा मुंबईकरांकडे पाहून हसत. खाडीचा वास आधी नको नको वाटे. दुसऱ्या दिवशी तो जाणवतही नसे, आणि परत गिरगावात आल्यावर त्याचीच आठवण येई. मावशीआजी घरात जिताड्याचे कालवण करी. तसे कालवण मी पुढे अनेक ठिकाणी मागवले आणि प्रत्येक ठिकाणी पैसे वाया घालवले.

गावाच्या नावाची आम्हांला मोठी गंमत वाटे, कारण गव्हाण म्हणजे गुरांना वैरण घालायची जागा. शाळेत सुट्टीवर निबंध लिहिताना ‘मी गव्हाणीत गेलो होतो’ असे लिहून मी एकदा वर्गाला हसवलेही होते. गुरुजींना मात्र मी एक गोष्ट सांगितली नव्हती. मावशीआजीच्या घरी खरोखरच एक माणूस गव्हाणीशेजारी राहत होता.

घर कौलारू, पुढे पडवी, मग ओटी, माजघर, आणि मागच्या अंगाला गोठा. गोठ्यात दोन बैल आणि एक म्हैस. गोठ्याच्या टोकाला, जेथे पूर्वी तिसरा बैल बांधत, तेथे मावशीआजीचे धाकटे दीर राहत. आम्ही त्यांना धाकटे काका म्हणत असू. त्यांच्या उजव्या पायात साखळी होती आणि साखळीचे दुसरे टोक मेढीला होते. कुठल्याशा जुन्या पडावाची ती साखळी. घोट्याशी तिच्याखाली फडके गुंडाळलेले असे आणि फडक्याखालच्या जखमेवर मावशीआजी दर दोन दिवसांनी हळद भरी. जेवणही तीच नेई. कालवणातला चांगला तुकडा घरच्या कर्त्या पुरुषाच्या ताटात न पडता गोठ्यात जाई, हे मी स्वतः पाहिले आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘साखळीने बांधले’ म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे कोणीतरी दुष्ट माणसे उभी राहतील. तशी माणसे त्या घरात नव्हती.

धाकटे काका मॅट्रिक झाले होते. त्या काळी गावात मॅट्रिक झालेली माणसे बोटांवर मोजता येत. मुंबईला गोदीतल्या एका कचेरीत त्यांना कारकुनी मिळाली होती. वयाच्या बाविसाव्या की तेविसाव्या वर्षी कचेरीतल्या पंख्यातून कोणीतरी आपले नाव घेऊन हाका मारते, असे ते सांगू लागले. मग जेवणात विष आहे म्हणून उपाशी राहू लागले. बरोबरीच्या खोलीवाल्यांनी त्यांना लाँचवर बसवून गावी पोचते केले. गावी भगत झाला, लिंबू झाले, कोंबडे झाले, मिरच्यांची धुरी झाली, वेताचे फटके झाले. दत्ताचे ठाणे झाले, पिराचा दर्गा झाला. त्यानंतर एका रात्री त्यांनी जळती चिमणी पेंढ्याच्या उडवीत टाकली. त्या उडवीत कोणी बसले आहे असे त्यांना दिसले होते. शेजारचे घर थोडक्यात वाचले. दुसऱ्या दिवशी गावातली चार वडीलधारी माणसे ओटीवर येऊन बसली आणि थोरल्या भावाला म्हणाली, “सांभाळ, नाहीतर आम्ही सांभाळू.” त्या संध्याकाळी साखळी आली.

दवाखाना झाला नाही असे नाही. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांना नेऊन आणले होते. तेथल्या डॉक्टरांनी दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. १९६४च्या दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा धाकटे काका ओटीवर बसलेले होते. पायात काही नव्हते. त्यांनी माझी त्रैराशिकाची उदाहरणे सोडवून दिली, आकाशकंदिलाच्या काड्या तासून दिल्या, आणि मुंबईत हल्ली ट्रामची काय स्थिती आहे, अशी चौकशी केली. हात थोडे थरथरत, चालताना पाय आखडल्यासारखे वाटत, एवढेच. घरात सगळे जण दिवाळीपेक्षा त्याच आनंदात होते. मग गोळ्या संपल्या. इस्पितळात जाऊन यायचे म्हणजे दोन दिवसांचा खोळंबा, भात कापणीला आलेले, आणि माणूस तर बरा झालेला. बऱ्या माणसाला गोळ्या कशाला, असे कोणालाही वाटावे तसेच थोरल्या भावाला वाटले. मधुमेहासारखेच हे दुखणे, आणि बरे वाटले तरी गोळी चालूच ठेवायची असते, हे त्यांना समजेल अशा भाषेत कोणी सांगितलेच नव्हते. फाल्गुनात पुन्हा साखळी चढली.

आज मागे वळून पाहताना मला याच गोष्टीचे सर्वांत वाईट वाटते. त्या गोळ्यांची विद्या तेव्हा नवी असली तरी अनोळखी नव्हती. पॅरिसमध्ये १९५२ साली क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिले गेले आणि वर्षानुवर्षे बंदिस्त असलेली माणसे बोलू लागली. आपल्याकडची सर्पगंधा तर त्याहून आधीची. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली वेडावर आणि रक्तदाबावर तिचा उपयोग होतो असे लिहून ठेवले होते, आणि रक्तदाबावरचा तिचा गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली विलायती वैद्यकीय मासिकातून जगापुढे मांडला. म्हणजे भाऊच्या धक्क्याच्या या बाजूला सर्पगंधेवर संशोधन होत होते, आणि पलीकडच्या बाजूला, लाँचने तास-दीड तासावर, मिरच्यांची धुरी देत होते. मधली खाडी काही फार रुंद नव्हती.

आता माझी गोष्ट. १९६५च्या दिवाळीत, वसुबारसेच्या दुपारी, मी गोठ्यात वासराला कुरवाळत होतो. मागून धाकट्या काकांचा आवाज आला, “बाळ, एक कार्ड लिहितोस?” आवाज अगदी शांत होता. मी पोस्टकार्ड आणि दौत घेऊन आलो. त्यांनी सांगितले आणि मी लिहिले, की माझी प्रकृती आता सुधारली आहे, येत्या सोमवारपासून कामावर रुजू होईन, तोवर कृपा करून जागा राखून ठेवावी. खाली त्यांनी स्वतः सही केली. सही सुरेख होती, कचेरीतल्या सरावाची. “आजच टाक हं पेटीत,” म्हणाले.

मी ते कार्ड घेऊन अंगणात गेलो आणि मावस-मामे भावंडांना साहेबी थाटात वाचून दाखवले. पायात साखळी आणि सोमवारी कामावर रुजू! आम्ही पोट धरधरून हसलो. ओटीवर सुपारी कातरत बसलेली मोठी माणसेही हसली. गोठ्याची भिंत कारवीच्या कुडाची होती. तिच्यातून मुंगीचे पाऊलही ऐकू जावे. त्या संध्याकाळी धाकट्या काकांनी जेवणाला हात लावला नाही. मावशीआजी म्हणाली, आज पुन्हा भरले वाटते. कार्ड पेटीत पडलेच नाही. ते माझ्या भूगोलाच्या पुस्तकात राहिले आणि वर्ष संपल्यावर पुस्तकाबरोबर रद्दीत गेले.

पुढल्या दिवाळीची हकीकत थोडी आहे. वर्षातून एकदा, नरकचतुर्दशीच्या पहाटे, धाकट्या काकांची साखळी काढीत. मावशीआजी त्यांना तेल-उटणे लावून न्हाऊ घाली, ते तुळशीपाशी येऊन आमच्याबरोबर अंगठ्याने कारीट फोडीत, ओवाळून घेत आणि फराळ करून निमूटपणे परत गोठ्यात जात. १९६६ साली त्यांनी कारीट फोडले. मावशीआजी नवे धोतर आणायला माजघरात गेली. ती परत आली तेव्हा अंगणात ते नव्हते. मागचे फाटक उघडे होते. दव पडलेल्या गवतातून मिठागरांच्या बांधाकडे ओल्या पावलांची वाट गेलेली दिसत होती. बांधावर पुढे काही दिसले नाही.

दोन दिवस माणसे शेते, खाजणे, खाडीचे काठ पाहत हिंडली. पोलिसांत मात्र कोणी गेले नाही. मी बारा वर्षांचा होतो, पण ओटीवरचे बोलणे मला समजत होते. पोलिसांना कळवायचे तर साखळीचे काय सांगायचे? शिवाय थोरल्या मुलीचे लग्न ठरत होते. तिसऱ्या दिवशी भाऊबीज झाली. येणारा-जाणारा म्हणे, “सुटला बिचारा.” कोण सुटला, हे कोणी नीट विचारू नये अशा सुरात हे वाक्य म्हटले जाई.

यंदा जाण्याचे निमित्त तसे साधे. मावशीआजीच्या नातवाने नवे घर बांधले आणि वास्तुशांतीला बोलावले. आमच्या मामीचा, म्हणजे मावशीआजीच्या सुनेचा, निरोप होता की यंदा आला नाहीस तर पुढे मी नसेन.

आता मोहीम उरलेली नाही. लोकलने नेरूळ, तेथून उरणची गाडी. हा मार्ग २०१८ साली खारकोपरपर्यंत आला आणि जानेवारी २०२४मध्ये उरणला पोचला. मी खारकोपरला उतरलो आणि बाहेर येऊन क्षणभर चुकून भलतीकडेच आलो की काय असे वाटले. जेथे भात होते तेथे बारा-बारा मजल्यांच्या इमारती. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि या पट्ट्यातल्या गावांची शेते, खाजणे नव्या शहरासाठी घेतली गेली. जमिनीच्या भावासाठी १९८४च्या जानेवारीत शेजारच्या जासई-नवघर भागात शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पाच माणसे मेली. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील जासईचेच. त्यातूनच पुढे साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, २०२४च्या जानेवारीत शिवडीहून येणारा अटल सेतू झाला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचे उद्घाटन. एवढ्या गोष्टी एका माणसाच्या हयातीत एका पंचक्रोशीवर कोसळल्या तर डोके शाबूत राहणे ही तारीफच म्हटली पाहिजे. रिक्षावाल्याला मी मिठागरांविषयी विचारले. तो विशीतला पोरगा. म्हणाला, “आजोबा सांगायचे.”

नवे घर तीन मजली आहे. गोठ्याच्या जागी दोन मोटारसायकली आणि पाण्याची टाकी. मामी नव्वदीच्या घरात आहे, पण आवाज तोच. दुपारी पाहुणे पांगल्यावर मी तिच्यापाशी बसलो आणि जे साठ वर्षे कोणाशी बोललो नव्हतो ते बोललो. कार्डाचेही सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “त्याला बांदला नवता रं. राखला व्हता.”

मी काही बोललो नाही. तिचे खोटे आहे असे मला म्हणवेना, आणि खरे आहे असेही म्हणवेना. चौघांनी ओटीवर बसून ‘सांभाळ’ म्हटल्यावर ज्या घराला सांभाळण्याचा दुसरा काही उपायच ठाऊक नव्हता, त्या घराने साखळीलाच राखण म्हटले. पण घोट्यावरच्या जखमेला हा फरक कळत नव्हता. आणि खरे सांगायचे तर, साखळीपेक्षा आमच्या हसण्याने त्या माणसाला जास्त लागले असावे.

साखळीचे हे प्रकरण काही एकट्या गव्हाणचे किंवा कोकणचे नव्हे. पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळातसुद्धा वेड्यांना साखळ्याच असत. तेथल्या प्युसाँ नावाच्या अधीक्षकाने १७९७ साली त्या काढल्या. हा मनुष्य डॉक्टर नव्हता, म्हणून इतिहासात श्रेय गेले ते डॉ. पिनेल यांना. श्रेयाच्या बाबतीत पॅरिस आणि पनवेल यांत काही फरक नसावा. इंग्रजांनी आपल्याकडे १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला, १९१२ साली दुसरा केला. दोन्हींचा रोख असा, की मोकाट फिरणारा वेडा दिसला की धरावा, मॅजिस्ट्रेटपुढे उभा करावा आणि भिंतीआड पाठवावा. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. पुढे त्याची व्यवस्था १,८५० खाटांपर्यंत वाढली. ‘तुला ठाण्याला पाठवायला हवे’ ही थट्टा मुंबईच्या चाळींत पिढ्यान्‌पिढ्या चालली, आणि ती ज्याच्या घरी खरी होई त्या घरची माणसे रात्रीच्या गाडीने गुपचूप ठाण्याला जाऊन येत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने देशातल्या मनोरुग्णालयांची पाहणी करून १९९९ साली अहवाल दिला, तेव्हाही कित्येक ठिकाणी तुरुंगाच्या धर्तीच्या इमारती आणि कोठड्या तशाच होत्या.

२००१च्या ऑगस्टमध्ये तर सर्वांच्या डोळ्यांत अंजन घालणारी घटना घडली. तामिळनाडूतल्या एरवाडी गावी एक दर्गा आहे. तेथे मनोरुग्णांना आणून ठेवतात, म्हणून भोवती खासगी ‘गृहे’ उभी राहिली होती. ६ तारखेच्या पहाटे त्यांतल्या एका झोपडीवजा गृहाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी जखडलेले होते. २८ माणसे जळून मेली. त्यांनाही कोणी ना कोणी, राखावे म्हणूनच, तेथे सोडून गेले होते. मी ती बातमी कचेरीत वाचली आणि मला पेंढ्याची ती उडवी आठवली. आग आमच्या गोठ्याकडे वळली असती तर?

आता कायदा निराळा आहे. २०१७ साली झालेला आणि मे २०१८मध्ये अमलात आलेला मानसिक आरोग्यसेवा कायदा म्हणतो, की मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायचे नाही. त्याचे डोके सक्तीने भादरायचे नाही, त्याला स्वतःचे कपडे घालू द्यायचे. रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण आढळला तर पोलिसांनी त्याला धरायचे नसून संरक्षणाखाली घ्यायचे आणि २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे. बेघर असेल तर तो हरवल्याची नोंद करून त्याचे घर शोधायचे. आपल्या महाराष्ट्रात त्याच्या आधीच, २०१३ साली, जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्टला पुण्यात मारले गेले आणि त्याच आठवड्यात वटहुकूम निघाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणे, काठीने मारणे, मिरचीची धुरी देणे, हे त्या कायद्याने गुन्हे ठरले आहेत. ती यादी वाचताना मला वाटले, ती लिहिणारा आमच्या गोठ्यात येऊन गेला असावा.

गव्हाणहून कर्जत काही फार लांब नाही. पनवेलहून रूळ जातात. तेथे डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था २००६ सालापासून उभी आहे. या नवराबायकोच्या कामाची सुरुवात १९८८ची. मुंबईत हॉटेलात जेवायला बसले असता समोर एक पोरगेला माणूस करवंटीने गटारातले पाणी पिताना त्यांना दिसला. त्याला उचलून त्यांनी आपल्या दवाखान्यात नेला, न्हाऊ घातला, औषध दिले. काही दिवसांनी तो बोलू लागला तेव्हा कळले, की तो विज्ञानाचा पदवीधर आहे आणि आंध्रातल्या चांगल्या घरचा आहे. त्याला घरी पोचवले. मग दुसरा, मग तिसरा. अशी हजारो माणसे त्यांनी रस्त्यावरून उचलून, बरी करून, देशाच्या कानाकोपऱ्यांतल्या घरी नेऊन सोडली आहेत. डॉ. वाटवानींना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांच्याविषयीचा मजकूर मी एका वर्तमानपत्रात दोनदा वाचला. रस्त्यावर जटा वाढवून, चिंध्या पांघरून बडबडत जाणारा माणूस हा मूळचा रस्त्यावरचा नसतो. तो कोणत्या तरी ओटीवरून, कोणत्या तरी मागच्या फाटकातून निघालेला असतो. १९६६ नंतर मी दादरच्या पुलाखाली, पनवेलच्या स्टँडवर, एकदा तर थेट नागपुरात, अशा माणसांच्या उजव्या घोट्याकडे पाहत आलो आहे. त्यांच्या तोंडाकडे पाहण्याचे धैर्य फारसे झाले नाही.

आपल्या मध्यमवर्गाविषयी एक सांगतो. गोठा नसला म्हणजे साखळीही नसते, असे नाही. आमच्या गिरगावच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एका बिऱ्हाडाची आतली खोली कायम बंद असे आणि पाहुणे आले की रेडिओ मोठा होई. आता त्या खोलीला ब्लॉकमध्ये ‘बेडरूम’ म्हणतात. या बाबतीत मला डॉ. जगन्नाथ वाणी यांचा मोठा आदर वाटतो. धुळ्याकडचा हा गृहस्थ कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचा प्राध्यापक होता. पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. त्यांनी ते झाकले नाही. उलट परदेशात राहून पुण्यात स्किझोफ्रेनियाग्रस्तांच्या कुटुंबांसाठी संस्था काढली आणि ‘देवराई’ हा मराठी चित्रपट निघावा म्हणून खटपट केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा तो चित्रपट २००४ साली आला. तो पाहून आल्यावर आमच्या ओळखीच्या एका घरातल्या बाईंनी, वीस वर्षांत प्रथमच, आपल्या मुलाच्या दुखण्याचे नाव चारचौघांत उच्चारले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली काढलेल्या संस्थेतही अशी कुटुंबे एकमेकांना भेटतात. आता तर १४४१६ हा सरकारी दूरध्वनी आहे. ऑक्टोबर २०२२पासून तो चालू आहे आणि मराठीतही बोलता येते. थोरल्या भावाला तेव्हा असे दोन शब्द बोलायला कोणी मिळाले असते तर, असे वाटते खरे.

मामीने मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. मावशीआजी १९७९ साली वारली. तोवर, दरसाल नरकचतुर्दशीच्या पहाटे, ती न्हाणीतल्या चुलाणावर एक हंडा पाणी जास्त तापवी आणि मागचे फाटक उघडे ठेवी. साखळी तिने कोणाला वापरू दिली नाही. जुने घर पाडले तेव्हा ती भंगारवाल्याने नेली. मी विचारले, कुठल्या साली? मामी म्हणाली, “साल कोनाला ध्येनात ऱ्हातं?”

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. पंगतीत नात्यातलाच एक पंचविशीचा मुलगा होता. बंदराकडच्या कंटेनर यार्डात कामाला असतो. जेवण आटोपत आले तसे त्याच्या आईने पलीकडून सर्वांदेखत, वाढता वाढता, विचारले, “गोळी घेतलीस का?” त्याने खिशातून पुडी काढली, गोळी तोंडात टाकली, तांब्यातले पाणी प्यायला आणि पुन्हा भाताकडे वळला. मला वाटले, डोकेदुखीची असेल. मामी माझ्या कानाशी लागून म्हणाली, “याला पन ऐकू येतं, तेच्यावानी. दोन वर्सं झाली. म्हैन्याला पनवेलला नेतात.” ती कुजबुजली ती केवळ सवयीने. पंगतीत सगळ्यांनाच ठाऊक होते. त्याच्या चुलतभावाने त्याच्या पानात आणखी एक तुकडी वाढली आणि यार्डातल्या कुठल्याशा पगारवाढीच्या गोष्टी पुढे चालू झाल्या. मध्यंतरी त्याला तीन महिने बरे नव्हते, तेव्हा मुकादमाने जागा राखून ठेवली होती, असे तो स्वतःच सांगत होता.

परत निघालो तेव्हा तोच मला रिक्षापर्यंत पोचवायला आला. माझी पिशवी त्याने मला धरू दिली नाही. वाटेत जुन्या मिठागरांचा बांध कुठून जात असे ते मी त्याला हाताने दाखवू लागलो, तर समोर इमारतींचे दिवे. “तिथं आता सेक्टर झाला, काका,” तो म्हणाला. रिक्षावाल्याशी त्यानेच भाव ठरवला आणि मला बजावले, “खारकोपरला गाडी आठवणीनं बघा. उरणच्या बाजूच्या गाडीत बसाल.”

मी बसलो खरा त्याच गाडीत. पुढच्या स्टेशनावर उतरून परत फिरावे लागले.